लेकरांची चित्रे रद्दीत देण्यापूर्वी

दहा बाय बाराची खोली, माणसे पाच. त्यात धाकटीच्या चित्रांचे कागद ठेवायचे कुठे? पावसाळ्याआधी आवराआवर करताना आम्ही ते सगळे रद्दीत दिले. ती काही बोलली नाही. पण आठवडाभर तिने खडू हातात धरला नाही. तेव्हा आमची चूक आम्हाला उमगली.

आमच्या आजीला कुणी शाळेची पायरी चढू दिली नाही. आम्हाला पाटी मिळाली, पण पाटीवरचे रोज पुसले गेले. जिचे लहानपण कागदावर राहील अशी आमच्या घरात हीच पहिली!

आता दर महिन्याला तीन चित्रे तीच निवडते. मागे पेन्सिलीने तारीख आणि ती सांगेल ते आम्ही लिहितो. चिकटपट्टी लावत नाही. ती पिवळी पडून कागदावर डाग पडतात. मेणखडूच्या दोन चित्रांमध्ये कोरा कागद घालतो. फाईल पत्र्याच्या पेटीत, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवतो. उरलेल्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढतो आणि ते पाठकोरे कागद पुन्हा तिलाच देतो.

पालक बंधू-भगिनींनो, सगळे जपणे आपल्या खोलीत शक्य नाही. पण काय ठेवायचे, हे आधी लेकराला विचारा.