संप, मुष्कर आणि वैद्यकाची नीती

गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. मराठीत तोच शब्द कामबंदीचा वाचक झाला आहे, तर कन्नडमध्ये कामबंदीला ‘मुष्कर’ म्हणतात. सामूहिक वाटाघाटींना आपसांतील ऐक्य हवे असते, तसेच सेवा थांबविण्याचे सामर्थ्यही हवे असते. डॉक्टरांच्या बाबतीत या सामर्थ्याचा पहिला आघात मालकावर होत नाही. तो वाटाघाटीत स्थान नसलेल्या रुग्णावर होतो. डॉ. दत्ता सामंत यांनी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचे नेतृत्व केले, तेव्हा हा पेच नव्हता.

रुग्णालय हा ‘उद्योग’ होय काय, हा प्रश्न मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात उपस्थित झाला. न्या. गजेंद्रगडकर यांच्या १९६० च्या निकालपत्राने त्यास होकार दिला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात ही भूमिका बदलली. १९७८ मध्ये ती पुनःस्थापित झाली, ती बनशंकरीसह बंगळूर शहरास पाणी पुरविणाऱ्या मंडळाच्या खटल्यात. तथापि, संस्था उद्योग ठरली म्हणून तेथील प्रत्येक जण ‘कामगार’ ठरत नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना त्या व्याख्येबाहेर ठेवले. डॉक्टरांसंबंधीही असाच प्रश्न उद्भवतो.

निवासी डॉक्टरांची स्थिती अधिकच गुंतागुंतीची आहे. ते विद्यार्थी असतात आणि रुग्णालयाचा भारही वाहतात. त्यांना मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘विद्यावेतन’. मार्च २०१७ मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात डॉक्टरला मारहाण झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी निवासी डॉक्टर कामापासून दूर राहिले. त्यास नाव मिळाले ‘सामुदायिक रजा’. संप हा शब्द टाळल्याने कृतीचे स्वरूप पालटत नाही. मात्र तो उच्चारण्यातला संकोच वैद्यकाचे नैतिक ओझे सूचित करतो. मागणी सुरक्षिततेची होती, आणि हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासूनच अस्तित्वात होता.

यातून नीतीचा आणि धोरणाचा विचार एकत्रच करावा लागतो. तातडीची सेवा अखंड राखणे व पूर्वसूचना देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होय. परंतु बाह्यरुग्ण विभाग बंद राहिला, तरी सार्वजनिक रुग्णालयावाचून पर्याय नसलेला गरीबच प्रथम भरडला जातो. म्हणूनच शासनाचे दायित्व मोठे ठरते. जो मालक आहे, तोच संपावर बंदी घालणारा अधिकारीही असेल, तर त्याने निःपक्षपाती व कालबद्ध लवादाची तरतूद केली पाहिजे. ती नसताना केवळ सेवाधर्माचे स्मरण करून देणे म्हणजे वाटाघाटीचा मार्ग बंद करून त्यागाची अपेक्षा करणे होय.