खिडकी किती उघडते?

बंद खोलीतली हवा शिळी झाली, हे मोजायचे कसे? म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये त्याचे उत्तर दिले. माणसांच्या उच्छ्वासातून खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, तसा ओलावा आणि वासही साठतो. हे सगळे वेगवेगळे मोजणे अवघड असल्याने त्यांनी एकट्या कार्बन डायऑक्साइडलाच साक्षीदार मानले आणि 0.1 टक्का, म्हणजे 1000 पीपीएम, ही मर्यादा सुचवली. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. खोलीतली हवा पुरेशी बदलत नाही, याची ती खूण असते. पुढे 1892 मध्ये, केवळ जंतूंमुळे कॉलरा होत नाही हे दाखवण्यासाठी पेटेनकोफर कॉलऱ्याचे जंतू प्यायले आणि त्या चुकीच्या हट्टासाठीच लोकांच्या लक्षात राहिले. हवेविषयीचा त्यांचा आकडा मात्र आजही जगभर वापरला जातो. त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते, ते मिळायला हवे.

पुण्यातल्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये साधारण 32,000 लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण 420 पीपीएमच्या आसपास असते. दार-खिडक्या घट्ट लावून दोघे झोपले, तर तासाभरातच पेटेनकोफर यांची मर्यादा ओलांडली जाते. फटींतून थोडी हवा येत असेल, तर थोडा उशीर लागतो, इतकेच. दुहेरी काचेची घट्ट खिडकी रस्त्यावरचा आवाज आणि धूळ अडवते, पण आतली हवा ताजी करत नाही.

त्यामुळे खिडकीचे माप घ्यायचे ते उघडणाऱ्या भागाचे. उष्ण प्रदेशांत खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक दशांश ते एक षष्ठांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. एक दशांश धरला, तरी वरच्या बेडरूमला 12 चौरस फूट लागतात. चार बाय चारची खिडकी दिसायला 16 चौरस फुटांची असते. मात्र ती सरकती असेल, तर एक तावदान दुसऱ्यामागे जाते आणि प्रत्यक्षात आठच चौरस फूट मोकळे होतात. बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण मोकळी होते.

एकाच भिंतीत दोन खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत एकेक असणे अधिक उपयोगी, कारण वारा आत शिरायला बाहेर पडण्याची वाटही लागते. तशी सोय नसेल, तर दारावरचा झरोका कामी येतो. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते. पेठांमधल्या वाड्यांत हेच काम मधला चौक करत असे. फोडणीचा धूर मात्र तो उठतो तिथेच बाहेर काढावा लागतो. त्यासाठी ओट्यालगतची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन, दोन्ही हवेत.

खिडकी उघडण्याची वेळही महत्त्वाची. हिवाळ्यात रात्री पुण्यात जमीन लवकर थंड होते, गार हवा खाली बसते आणि वाहनांचा व शेकोट्यांचा धूर तिच्यातच अडकतो. ऊन चढले, की हा थर मोडतो. म्हणून हिवाळ्यात रस्त्यालगतच्या घरांनी सकाळी खिडक्या थोड्याच उघडाव्यात आणि दुपारी सताड. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेचे आकडे पाहून हा निर्णय अधिक नेमका घेता येतो.

तरीही पुण्यात संध्याकाळी खिडक्या बंद होतात त्या बहुतेक डासांमुळे, आणि मग बंद खोलीत कॉइल पेटते. एक कॉइल 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी यांनीही हा धोका वारंवार मांडला आहे. खिडकीला बारीक जाळी बसवली, की कॉइलचीही गरज उरत नाही आणि खिडकी बंद करण्याचीही. जाळीमुळे वारा थोडा कमी होतो आणि ती धुळीने बुजते, म्हणून महिन्यातून एकदा ती धुवायला हवी.

घरात नवी खिडकी बसवताना तिची काच आणि चौकट पाहण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: ती किती उघडते, हवेला समोरून बाहेर जायला वाट आहे का, आणि जाळी काढून धुता येते का.