क्वेबेकमधील सत्तांतर (१९७६)

क्वेबेकमधील सत्तांतर : कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १५ नोव्हेंबर १९७६ रोजी झालेल्या विधिमंडळाच्या निवडणुकीतून घडून आलेला सत्ताबदल. या निवडणुकीत रोबेर बुरासा यांच्या नेतृत्वाखालील लिबरल पक्षाचा पराभव होऊन रने लेव्हेक यांचा पार्टी क्वेबेक्वा हा पक्ष प्रथमच अधिकारारूढ झाला. क्वेबेकचे सार्वभौमत्व हे उद्दिष्ट उघडपणे पुरस्कारणाऱ्या पक्षाने मतपेटीच्या मार्गाने प्रांताची सत्ता मिळविल्यामुळे संघराज्यातील घटकाचा जनादेश कोठपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न कॅनडापुढे उभा राहिला.

पार्श्वभूमी : कॅनडातील प्रांत हे सामान्यतः भारतातील घटकराज्यांशी तुल्य असून शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती, मालमत्ताविषयक कायदे इ. विषय त्यांच्याकडे आहेत. क्वेबेकच्या लोकसंख्येत फ्रेंच भाषिकांचे प्रमाण सुमारे ८० टक्के असले, तरी माँट्रिऑलमधील बँका, विमा कंपन्या व मोठे उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रामुख्याने इंग्रजी भाषिकांच्या हाती होते. कारखान्यात बढती मिळविण्यासाठी बहुसंख्याकांनाच अल्पसंख्याकांची भाषा शिकावी लागे. मॉरिस द्यूप्लेसी यांच्या युनियन नॅशनल पक्षाची राजवट (१९३६–३९ व १९४४–५९) चर्च, ग्रामीण जीवन व परंपरा यांचा आधार घेणारी होती. १९६० मध्ये झाँ लेसाज यांचा लिबरल पक्ष निवडून आल्यानंतर जी झपाट्याची सुधारणा सुरू झाली, तीस ‘शांत क्रांती’ असे म्हणतात. शिक्षण चर्चच्या नियंत्रणातून शासनाकडे आले आणि खाजगी वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. या राष्ट्रीयीकरणाचे प्रवर्तक मंत्री लेव्हेक हेच होते. पुढे प्रांताच्या घटनात्मक स्थानाविषयी मतभेद होऊन १९६७ मध्ये त्यांनी लिबरल पक्ष सोडला व १९६८ मध्ये पार्टी क्वेबेक्वाची स्थापना केली. सार्वभौम क्वेबेक व उर्वरित कॅनडा यांचे आर्थिक साहचर्य, ही त्या पक्षाची भूमिका होती. १९७० मध्ये एका दहशतवादी गटाने प्रांतिक मंत्री प्येर लापोर्त यांचे अपहरण करून त्यांची हत्या केली. लेव्हेक यांनी हिंसेचा निषेध केला आणि आपला पक्ष केवळ निवडणुकीच्या मार्गानेच जाईल, हे स्पष्ट केले.

पराभवाची कारणे : १९७३ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने ११० पैकी १०२ जागा जिंकल्या होत्या. मुदत संपण्यास सुमारे दोन वर्षांचा अवकाश असताना बुरासा यांनी निवडणूक घेतली. तथापि बेकारी, चलनवाढ, सरकारी नोकरांचे संप, गैरव्यवहाराचे आरोप आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिक सामन्यांचा अंदाजाबाहेर वाढलेला खर्च यांमुळे शासनाविषयी असंतोष वाढला होता. १९७४ च्या भाषाविषयक कायद्याने फ्रेंच ही प्रांताची अधिकृत भाषा ठरविली आणि इंग्रजी शाळेत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलांची भाषिक चाचणी सुरू केली. हा कायदा इंग्रजी भाषिकांना व स्थलांतरितांना जाचक वाटला, तर फ्रेंच राष्ट्रवाद्यांना तो अपुरा वाटला. परिणामतः लिबरल पक्षाने दोन्ही बाजूंचा पाठिंबा गमावला. हवाई वाहतूक नियंत्रणात फ्रेंच भाषेच्या वापरास विरोध म्हणून १९७६ च्या उन्हाळ्यात वैमानिकांनी केलेल्या संपामुळे भाषिक भावना अधिकच तीव्र झाली.

पार्टी क्वेबेक्वाने आपल्या कार्यक्रमात एक महत्त्वाचा बदल केला होता. क्लोद मोराँ यांच्या प्रेरणेने पक्षाने असे जाहीर केले, की निवडणुकीतील विजय म्हणजे स्वातंत्र्यास संमती नव्हे. त्या प्रश्नावर स्वतंत्र सार्वमत घेण्यात येईल. त्यामुळे सार्वभौमत्वाविषयी साशंक असलेल्या मतदारासही केवळ स्वच्छ व कार्यक्षम शासनासाठी या पक्षास मत देणे शक्य झाले.

निकाल : पार्टी क्वेबेक्वाला ४१·४ टक्के मते व ७१ जागा, लिबरल पक्षाला ३३·८ टक्के मते व २६ जागा आणि युनियन नॅशनलला १८·२ टक्के मते व ११ जागा मिळाल्या. उरलेल्या दोन जागा दोन लहान पक्षांकडे गेल्या. सुमारे ८५ टक्के मतदारांनी मतदान केले. बुरासा स्वतः मर्सिए मतदारसंघात कवी व पत्रकार झेराल्द गोदँ यांच्याकडून पराभूत झाले. एकसदस्यीय मतदारसंघ व साधे मताधिक्य या पद्धतीचा परिणाम येथे ठळकपणे दिसतो : १९७३ मध्ये सुमारे ३० टक्के मते मिळवूनही पार्टी क्वेबेक्वाला केवळ ६ जागा मिळाल्या होत्या, १९७६ मध्ये सुमारे ११ टक्के मते वाढताच जवळजवळ दोन-तृतीयांश जागा तिच्या पदरात पडल्या. लिबरल पक्षावर रुष्ट झालेल्या अनेक मतदारांनी युनियन नॅशनलला मते दिल्याने विरोधी मते विभागली गेली, हेही त्यामागील एक कारण होय. २५ नोव्हेंबर रोजी लेव्हेक यांनी सत्तेची सूत्रे स्वीकारली. संघराज्यापासून अलग होऊ इच्छिणाऱ्या पक्षाकडे त्याच संघराज्याच्या संविधानानुसार सत्ता सोपविली गेली आणि हे हस्तांतर शांततेने पार पडले.

परिणाम : नव्या शासनाने १९७७ मध्ये फ्रेंच भाषेची सनद संमत केली. तीनुसार शासनव्यवहार, उद्योग, व्यापारी फलक व शालेय शिक्षण यांत फ्रेंचला अग्रस्थान मिळाले. कायदे व न्यायालये यांची भाषा केवळ फ्रेंच ठरविणारी तरतूद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रद्द केली. राजकीय पक्षांना केवळ मतदारांकडूनच देणग्या घेता येतील, कंपन्या वा कामगार संघटनांकडून नव्हे, असे बंधन १९७७ च्या दुसऱ्या एका कायद्याने घातले. शेतजमिनीचे संरक्षण व मोटार अपघातग्रस्तांसाठी सार्वजनिक विमा हेही उपक्रम याच काळातील होत. दुसऱ्या बाजूस अनेक इंग्रजी भाषिक कुटुंबे प्रांत सोडून गेली व काही कंपन्यांनी आपली मुख्य कार्यालये टोराँटोस हलविली.

सार्वभौमत्व-साहचर्यासंबंधी वाटाघाटी करण्याचा अधिकार मागणारे सार्वमत २० मे १९८० रोजी झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी त्यास नकार दिला. तरीही १९८१ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी पार्टी क्वेबेक्वाला १२२ पैकी ८० जागा देऊन पुन्हा सत्तेवर आणले. शासन निवडणे आणि राज्याचे भवितव्य ठरविणे या दोन निर्णयांत क्वेबेकच्या मतदारांनी केलेला भेद यावरून स्पष्ट होतो. १९८५ मध्ये बुरासा यांच्या नेतृत्वाखाली लिबरल पक्ष पुन्हा अधिकारावर आला. १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात सार्वभौमत्वाचा प्रस्ताव ५०·५८ विरुद्ध ४९·४२ टक्के मतांनी फेटाळला गेला.

मूल्यमापन : भारतात मद्रास राज्यात १९६७ साली घडलेल्या सत्तांतराशी या घटनेचे काही साम्य आहे. दोन्हीकडे भाषिक अस्मितेचा पुरस्कार करणाऱ्या प्रादेशिक पक्षाने प्रस्थापित पक्षास पराभूत केले. तथापि द्रविड मुन्नेत्र कळघमने विभक्ततेची मागणी सत्तेवर येण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, सोडून दिली होती. पार्टी क्वेबेक्वाने ती कायम ठेवून तिचा निर्णय सार्वमतावर सोपविला. प्रांतास एकतर्फी अलग होण्याचा कायदेशीर हक्क नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास वाटाघाटी करणे इतर घटकांचे कर्तव्य ठरेल, असे मत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिले. १९७६ च्या निकालाने उपस्थित केलेल्या प्रश्नास मिळालेले हे सर्वांत महत्त्वाचे घटनात्मक उत्तर होय. २०१८ मध्ये कोआलिसिआँ आव्हेनिर क्वेबेक हा पक्ष विजयी झाल्याने लिबरल पक्ष व पार्टी क्वेबेक्वा यांनी आलटून पालटून सत्ता भोगण्याचा कालखंड संपला. भाषेच्या सनदेत नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या. पण फ्रेंच ही प्रांताच्या सार्वजनिक जीवनाची सामाईक भाषा असावी, हे तिचे मूलतत्त्व नंतरच्या कोणत्याही शासनाने सोडले नाही. या अर्थाने १९७६ च्या सत्तांतराचे टिकाऊ फलित सार्वभौमत्वाच्या क्षेत्रात नसून भाषेच्या क्षेत्रात आढळते.