धनाजी जाधव

सेनापती धनाजी जाधव (जन्म: अंदाजे इ.स. १६५०, मृत्यू: जून १७०८, वडगाव) हे मराठेशाहीचे सरसेनापती होते. छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर औरंगजेबाविरुद्ध चाललेल्या मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात संताजी घोरपडे यांच्यासह त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. छत्रपती राजाराम, महाराणी ताराबाई आणि छत्रपती शाहू या तीन राजवटींत त्यांनी सेनापतिपद सांभाळले. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव येथे त्यांची समाधी आहे.

घराणे आणि सुरुवातीचा काळ

धनाजी हे सिंदखेडच्या जाधव घराण्यातील होते. राजमाता जिजाबाईंचे माहेर ते हेच घराणे. त्यामुळे भोसले कुळाशी त्यांचा आप्तसंबंध होता. लष्करी चाकरीचे पहिले धडे त्यांनी सरनौबत प्रतापराव गुजर यांच्या हाताखाली घेतले. शिवकालातील व संभाजीकालातील त्यांच्या कामगिरीविषयीचे तपशील त्रोटक आहेत. त्यांच्या कर्तृत्वाचा खरा काळ १६८९ नंतर सुरू होतो.

स्वातंत्र्ययुद्धातील कामगिरी

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला. महाराणी येसूबाई व बाल शाहू कैद झाले. राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. मागे राहिलेल्या मुलखाचा कारभार रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी हाती घेतला, तर मैदानावरची जबाबदारी संताजी व धनाजी यांच्यावर आली. या वेळी मराठ्यांजवळ भरलेला खजिना नव्हता, राजा शेकडो कोस दूर होता आणि मोगल बादशहा स्वतः दख्खनेत तळ देऊन बसला होता.

मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान या मोगल सरदाराचा पूर्ण पराभव करून मराठ्यांनी त्याला कुटुंबासह कैद केले. या लढाईत धनाजी सहभागी होते. राजाराम महाराजांनी त्यांना 'जयसिंगराव' हा किताब दिला.

१६९२ च्या अखेरीस संताजी व धनाजी कर्नाटकात उतरले. झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला होता. संताजींनी कांचीपुरमच्या बाजूस अलीमर्दानखानाला पकडले, तर धनाजींनी जिंजीजवळ इस्माईलखान मका याचा पराभव करून त्याला कैद केले. वेढा देणारेच वेढले गेले आणि झुल्फिकारखानाला वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली.

युद्धपद्धती

मोगल छावणी म्हणजे एक चालते शहर असे. तोफा, हत्ती, बाजारबुणगे आणि धान्याचे तांडे यांमुळे तिची हालचाल मंद होती. धनाजींची फौज हलक्या घोडदळाची होती. रसद तोडणे, एकाकी तुकडी गाठून लुटणे, मोठी फौज चालून येताच पांगणे आणि ती परतू लागताच पुन्हा तिच्या पाठीस लागणे, ही या युद्धाची रीत होती. एखादा किल्ला गेला म्हणून युद्ध संपत नव्हते, कारण लढणारी फौज शाबूत राहत होती. मोगलांचे घोडे पाणी पिईनात तेव्हा त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय, असे विचारले जाई, ही महाराष्ट्रात सर्वश्रुत असलेली आख्यायिका या धाकाचीच स्मृती आहे.

संताजींशी वैर

दोघांचे स्वभाव भिन्न होते. संताजी शिस्तीचे कठोर व स्पष्टवक्ते होते, तर धनाजी मिळतेजुळते घेणारे आणि सरदारांत लोकप्रिय होते. राजाराम महाराजांशी संताजींचे बिनसल्यावर धनाजींनी महाराजांची बाजू घेतली. १६९६ मध्ये वृद्धाचलमच्या परिसरात दोन मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. तीत धनाजींचा पराभव झाला. तथापि संताजींचे सेनापतिपद काढून धनाजींना देण्यात आले. पुढे संताजींची फौज फुटली आणि जून १६९७ मध्ये नागोजी माने याने शंभू महादेवाच्या डोंगराळ भागात त्यांना ठार केले. स्वातंत्र्ययुद्धातील दोन थोर सेनानींमधील हा कलह मराठ्यांना फार महागात पडला.

ताराबाईंच्या कारकिर्दीत

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले व ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. औरंगजेब एकेक किल्ला घेत असताना धनाजी त्याच्या छावणीभोवती आणि तिच्या पाठीमागे वावरत राहिले. १७०५ मध्ये वाकिणखेड्याच्या वेढ्यात बेरडांचा प्रमुख पिड्या नायक याच्या मदतीस ते हिंदुराव घोरपडे यांच्यासह धावून गेले. १७०६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील फौजेने गुजरातेत रतनपूर येथे व नर्मदेच्या बाबा प्यारा घाटावर मोगलांचा दणदणीत पराभव केला. बचावाचे युद्ध आता शत्रूच्या मुलखात जाऊन पोहोचले होते.

खेडची लढाई आणि शाहूंचा पक्ष

१७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू कैदेतून सुटले. परत आलेला पुरुष खरा शाहू नव्हे, तोतया आहे, अशी भूमिका ताराबाईंनी घेतली आणि धनाजी व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्याच्यावर पाठविले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. शाहू खरे असल्याची खात्री पटल्यावर धनाजी त्यांना जाऊन मिळाले. त्यांचे मन वळविण्यात खंडो बल्लाळ चिटणीस व धनाजींच्याच पदरी वसुलीचे काम पाहिलेले बाळाजी विश्वनाथ यांचा वाटा होता. परशुरामपंतांना माघार घ्यावी लागली.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. ताराबाईंच्या बाजूने तो ऐन रणांगणावरचा पक्षत्याग होता. शाहूंच्या बाजूने तो थोरल्या शाखेच्या वारसाला दिलेला न्याय होता. परिणाम मात्र निर्विवाद आहे. सेनापती नसता तर शाहूंना सातारा इतक्या लवकर मिळाला नसता. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि सेनापतिपद धनाजींकडेच राहिले.

मृत्यू आणि समाधी

त्याच वर्षी शाहूंनी ताराबाईंविरुद्ध पन्हाळा व रांगण्याच्या रोखाने मोहीम काढली. धनाजी त्यांच्यासोबत होते. परतीच्या वाटेवर पायाची जखम चिघळून वारणेच्या दक्षिणेकडील वडगाव येथे त्यांचे निधन झाले. ज्या राज्यासाठी ते मोगलांशी लढले, त्याच्याच दोन शाखांमधील युद्धात त्यांची अखेरची मोहीम खर्ची पडली.

त्यांच्यानंतर पुत्र चंद्रसेन सेनापती झाले. परंतु बाळाजी विश्वनाथांशी वैर वाढून १७११ मध्ये ते ताराबाईंच्या पक्षास आणि पुढे निजामाला मिळाले. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. धनाजींच्या पदरी वाढलेला कारकून राज्याचा कर्ता झाला आणि जाधवांच्या घरातील सेनापतिपद गेले. धनाजींची समाधी मात्र वडगावातच राहिली.