थंडीत ट्रॅक्टरचे इंजिन ठोके देते, कारण ओळखा

रब्बीची पेरणी आणि थंडीची सुरुवात एकाच वेळी होते. बागायत गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी लागते. नेमक्या याच दिवसांत सकाळी ट्रॅक्टर चालू केला की इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागतो. काही शेतकरी घाबरून चांगले इंजिन खोलतात, तर काही जण 'थंडीचा आवाज आहे' म्हणून काम चालूच ठेवतात. दुसरी चूक अधिक महाग पडते. माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने असा ठोका आठ दिवस अंगावर काढला. पेरणी निम्मी झाली असताना बेअरिंग जाम होऊन क्रँक खराब झाला. दुरुस्तीचा खर्च तर झालाच, शिवाय उशिरा पेरलेला गहू दाणे भरताना उन्हाच्या तडाख्यात सापडला. म्हणून साधा ठोका कोणता व बिघाडाचा ठोका कोणता, हे प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला कळले पाहिजे.

थंडीत ठोका का पडतो?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारणपणे मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. गरम इंजिनात ही हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते व तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असेल तर सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. त्यामुळे डिझेल पेटण्यास क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात आणखी डिझेल साचते आणि सर्व एकदम पेटते. दाब झटक्याने वाढल्याने कडक टणटण आवाज येतो. न जळालेल्या डिझेलचा पांढरा धूरही दिसतो. इंजिन तापू लागले की आवाज व धूर दोन्ही कमी होतात. असा ठोका बिघाडाचा समजू नये.

आवाजावरून निदान

१. वरच्या झाकणाजवळ हलकी टिकटिक : टॅपेटची फट वाढलेली असते किंवा वर ऑइल पोहोचण्यास वेळ लागत असतो. फट माहितीपुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावी.

२. थंड असताना पोकळ थपथप, तापल्यावर कमी : दट्ट्या व लायनर झिजल्याचे हे लक्षण आहे. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापल्यावर फुगतो व फट भरून निघते, म्हणून आवाज दबतो. सोबत निळसर धूर येत असेल व ऑइल कमी होत असेल, तर हंगाम संपताच काम काढावे.

३. तापल्यावरही टिकणारा कडक ठोका : नोझल ठिबकत असेल किंवा फ्युएल पंपाचे टायमिंग चुकले असेल. नोझल व पंप जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

४. इंजिनाच्या खालच्या भागातून घणासारखा जड ठोका, ओझे पडताच वाढणारा : बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. इंजिन ताबडतोब बंद करावे. ट्रॅक्टर चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये.

ठोका कोणत्या सिलिंडरचा हे शोधण्यासाठी मिस्त्री जुन्या पद्धतीच्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून पाहतात. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर आवाज बदलतो, तेथे दोष असतो. हे काम स्वतः करू नये. दाबाखालील डिझेल कातडीतून आत शिरून गंभीर इजा होते. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात तर चालू असताना नट कधीही सैल करू नये.

पहिले अर्धे मिनिट महत्त्वाचे

रात्रभरात बरेचसे ऑइल खाली उतरते व थंडीने घट्ट होते. चालू केल्याबरोबर बेअरिंगला त्याची गरज असते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

• चालू करण्यापूर्वी सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहावी. पातळी वाढली असेल व डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरत आहे असे समजावे. असे पातळ ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही.
• चालू होताच ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे किंवा काटा वर गेला पाहिजे. तसे न झाल्यास इंजिन लगेच बंद करावे.
• काही मिनिटे कमी गतीवर चालवून मग हलके काम घ्यावे. नांगरट लगेच सुरू करू नये.
• ऑइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच वापरावे. १५डब्ल्यू-४० मधील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो. तो जितका कमी, तितके ऑइल थंडीत लवकर पोहोचते.

हवेच्या नळीजवळ पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे टाळावे. त्याने दट्ट्या व रिंगा फुटण्याचा धोका असतो. बंद शेडमध्ये इंजिन तापवत ठेवू नये, धुरातील विषारी वायूने जीव जाऊ शकतो.

तापल्यावर जाणारा ठोका बहुधा थंडीचा असतो; तापल्यावर राहणारा किंवा वाढणारा ठोका बिघाडाचा असतो. सकाळी अर्धे मिनिट थांबून आवाज ऐकल्यास इंजिन वाचेल आणि पेरणीही वेळेवर होईल.