प्रतिमेचे वर्णन आणि अर्थनिर्णय : घारापुरीच्या शिल्पाच्या संदर्भात

कोणत्याही प्रतिमेचा अर्थ लावण्यापूर्वी ती जशी दिसते तशी नोंदवावी लागते. कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३९ मध्ये या प्रक्रियेच्या तीन पायऱ्या मांडल्या : दृश्याचे वर्णन, विषयाची ओळख आणि त्यामागील सांस्कृतिक आशयाचा उलगडा. विद्यार्थी बहुधा पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर पोहोचतात. अध्यापकही त्यास अपवाद नाहीत.

घारापुरीच्या मुख्य लेण्यातील त्रिमुखी शिल्प हे याचे बोलके उदाहरण होय. तीन मुखे दिसताच ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावला गेला आणि ‘त्रिमूर्ती’ हे नाव रूढ झाले. निरीक्षण मात्र वेगळे सांगते. पाहणाऱ्याच्या डावीकडील मुखास मिशा असून भुवया आकुंचित आहेत, हातात सर्प आहे. उजवीकडील मुखाच्या केशरचनेत मोत्यांच्या माळा आहेत, हातात कमळ आहे. मधल्या मस्तकावर भव्य जटामुकुट आहे. ब्रह्मा किंवा विष्णू यांची निश्चित खूण कोठेच नाही. या नोंदी विष्णुधर्मोत्तरपुराणातील पंचमुखी महादेवाच्या वर्णनाशी ताडल्या, की भैरव, महादेव आणि उमा अशी संगती लागते. उरलेली दोन मुखे अदृश्य मानावयाची. स्टेला क्रामरिश यांनी १९४६ मध्ये याच दिशेने विवेचन केले. अभ्यासक या शिल्पास आता सदाशिव म्हणतात; लोकांच्या तोंडी मात्र ‘त्रिमूर्ती’च आहे.

वर्गात छायाचित्र दाखविताना त्याखालील नाव आधी झाकावे आणि केवळ ‘काय दिसते’ एवढेच लिहून घ्यावे. ‘क्रुद्ध मुख’ असे कोणी लिहिल्यास ते खोडावे. भुवया दिसतात, क्रोध हा लावलेला अर्थ आहे.