जीप जुनी, गणवेश आजचा: अडचण कुठं आहे?

सातारा-सांगलीकडे जुन्या विलीज जीपा, जोंगा जिवापाड सांभाळणारे हौशी लोक आहेत. गाडी प्रदर्शनात मांडली, की काहींना वाटतं अंगावरही फौजी कपडे हवेत. हेतू वाईट नसतो. मग अडचण कुठं आहे?

आधी गाडीचंच बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे लिलावात घेतलेली जीपसुद्धा रंग बदलूनच वापरायची.

गणवेशासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं तसा वेश केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा हेतू बघतो. पण गर्दीत समोरच्याला तुमचा हेतू दिसत नाही, गणवेशच दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरचे हल्लेखोर लष्करी वेशातच आले होते.

आणि आपल्या साताऱ्याचं आपशिंगे आठवा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावात गणवेश ही हौसेची वस्तू नसते, तो कमवावा लागतो.

म्हणून आजचा गणवेश नकोच. जीपच्या काळातला वेश केलात, तरी पदचिन्हं, पदकं लावू नका. आणि कुणी विचारलं, ‘दादा, फौजेत होता का?’, तर लगेच सांगा, ‘नाही, मी फक्त गाडी सांभाळतो.’